जुन्या बुलेटला एलईडी इंडिकेटर: फ्लॅशर, पायलट दिवा आणि अर्थ

सिग्नलला जुनी बुलेट उभी आहे, हेडलाइट चालू आहे, पाय ब्रेकवर आहे आणि उजवा इंडिकेटर दिलेला आहे. अशा वेळी अ‍ॅमीटरकडे बघा. दर टकटकीला करंट दाखवणारा त्याचा काटा डिस्चार्जच्या बाजूला झुकतो आणि परत येतो. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून १० वॅटचे दोन बल्ब आणि वर २ वॅटचा पायलट (इंडिकेटर चालू असल्याचे चालवणाऱ्याला दाखवणारा छोटा दिवा) असे २२ वॅट होतात. १२ व्होल्टवर हा करंट जवळजवळ १.८ अँपियर. आयडलिंगला जुना अल्टरनेटर जेमतेम हेडलाइट पोसतो, मग इंडिकेटर आणि ब्रेक लाइटचा भार बॅटरीवर पडतो.

एलईडी दिवा साधारण ०.१ अँपियरवर लख्ख पेटतो. तो लावला की अ‍ॅमीटरचा काटा जवळपास जागचा हलत नाही. फायदा उघड आहे. पण याच फायद्यातून पुढचे सगळे त्रास निघतात. दिव्याला इतका कमी करंट पुरतो की जुन्या वायरिंगमधली कुठलीही पळवाट त्याला चालते. फिलामेंटच्या बल्बने जे दोष वर्षानुवर्षे झाकून ठेवले, ते एलईडी पहिल्याच दिवशी उघडे पाडतो. त्यामुळे दिवे बसवणे हे या कामातले सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे पाऊल आहे.

हा लेख १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ असलेली (म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक चासीला, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली) कास्ट आयर्न इंजिनची बुलेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. आरएक्स १००, येझदी, राजदूत यांनाही हाच क्रम लागू पडतो. ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्यांबद्दल शेवटाकडे वेगळे लिहिले आहे.

आधी गाडी मोजून घ्या

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. तो नसेल तर हे काम सुरूच करू नका, कारण अंदाजाने वायरिंग करणाऱ्या माणसाचा एलईडी फार टिकत नाही.

इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा बदला. मग गाडी सुरू करून रेस थोडी वाढवा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ मिळाले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर ठीक आहे. आकडा १५ च्या वर जात असेल तर तिथेच थांबा. फिलामेंटचा बल्ब असे जास्तीचे व्होल्टेज थोडे दिवस सोसतो, स्वस्तातला एलईडी सोसत नाही. बॅटरीची वायर काढून इंजिन चालवून बघायची काही मेकॅनिकांना सवय असते. एलईडी लावल्यावर ती सवय त्यांना सोडायला लावा. बॅटरी नसली की अल्टरनेटरचे व्होल्टेज उसळते आणि दिव्यातले सर्किट जळून जाते.

बॅटरीचे कोणते टोक चासीला जोडले आहे, तेही डोळ्यांनी बघून ठरवा. बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह असते, पण ब्रिटिश धर्तीच्या जुन्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले सापडते. वायरच्या रंगावर विसंबू नका. चाळीस वर्षांत या गाडीला किती वायरमनचे हात लागलेत, ते कोणालाच ठाऊक नसते. लाल वायर अर्थ आणि काळी वायर करंट, असा प्रकार सर्रास बघायला मिळतो.

शेवटची खात्री म्हणजे इंडिकेटरला डीसी मिळतो की एसी. बॅटरी असलेल्या मोटरसायकलींत इंडिकेटर साधारणपणे बॅटरीवर चालतात. बॅटरीच नसलेल्या जुन्या स्कूटर-मोपेडमध्ये मात्र ते थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतात. तिथे मधे रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि छोटी बॅटरी टाकल्याशिवाय हे काम होणार नाही.

मूळ वायरला कात्री लावायची नाही

माझा या बाबतीत हट्ट आहे. जे काही जोडाल ते उद्या काढता आले पाहिजे आणि गाडी होती तशी परत झाली पाहिजे. त्याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करण्यावर बंधने आहेत. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेऊन त्यात नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, रॅली-प्रदर्शनासाठी असते. तुमची गाडी त्या वाटेवर असेल तर मडगार्डला भोक पाडण्याआधी दहा वेळा विचार करा. क्लॅम्पवर बसणारे इंडिकेटर मिळतात, तेच घ्या.

वायर कापण्याऐवजी जुने बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचे, एकमेकांत दाबून बसणारे वायरचे जोड) सोडवा आणि त्यांच्यामध्ये नवी छोटी वायर घाला. दोन्ही टोकांना तसेच नर-मादी कनेक्टर लावले की मूळ हार्नेसला, म्हणजे वायरच्या जुडग्याला, धक्का लागत नाही. सुरुवात करण्यापूर्वी कॅस्केटच्या (हेडलाइटभोवतीच्या धातूच्या डब्याच्या) आतल्या गुंत्याचे मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवा. प्रत्येक वायरला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर ‘डावा पुढे’, ‘उजवा मागे’ असे लिहा.

काय विकत घ्यायचे

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मूळ इंडिकेटर ठेवून आत फक्त एलईडी बल्ब घालणे. मला जुन्या गाडीवर हाच आवडतो, कारण बाहेरून काही बदललेले कळत नाही. बल्बची बैठक बहुधा १५ मिलिमीटरची, एका टोकाची आणि समोरासमोर दोन पिना असलेली असते. तिला बीए-१५-एस म्हणतात. जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा. जवळपास सारखीच दिसणारी पण पिना तिरक्या असलेली बैठकही मिळते आणि ती होल्डरमध्ये फिरत नाही.

बल्ब निवडताना चिप कुठे आहेत ते बघा. जुन्या इंडिकेटरचा रिफ्लेक्टर मधोमध असलेल्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. ज्याच्या फक्त टोकाला चिप आहेत असा बल्ब लावला तर समोरून प्रकाशाचा एक ठिपका दिसतो आणि बाकी काच काळी राहते. अंगाला चहूबाजूंनी चिप असलेला बल्ब घ्या. रंग केशरीच हवा, काच केशरी असली तरीही. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशातला मोठा भाग केशरी काच अडवते, मग दुपारच्या उन्हात इंडिकेटर चालू आहे की बंद ते मागच्याला कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण एलईडी इंडिकेटर. त्यातले अगदी बारीक, सुरीच्या पात्यासारखे प्रकार बुलेटवर घेऊ नका. ते शोभत नाहीत हे एक आणि बाजूने दिसत नाहीत हे महत्त्वाचे. दोन दिव्यांमधले अंतरही राखा. पुढे किमान २४ आणि मागे किमान १८ सेंटिमीटर असा युरोपातल्या नियमांचा हिशेब आहे, तो सोयीचा आहे.

याखेरीज लागेल ते असे: तीन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारी डबी), वन-एन-४००७ जातीचे दोन डायोड, ०.७५ चौरस मिलिमीटरची मऊ तांब्याची वायर, बुलेट कनेक्टर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), रिंग लग (नटखाली बसणारे वायरचे गोल टोक), ३ अँपियरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर. पुण्यात नाना पेठेत गाडीचे सामान आणि तापकीर गल्लीत डायोड-स्लीव्ह मिळते. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. डायोड इतके स्वस्त असतात की दोन हवे असतील तर दहा घ्या.

पहिले काम: फ्लॅशर, तोही जुन्या बल्बवर

जुन्या फ्लॅशरच्या डबीत करंटने तापणारी पट्टी किंवा तार असते. ती तापली की वाकते, संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. दोन बल्बांचा करंट मिळाला तरच ती पुरेशी तापते. एलईडीच्या करंटवर ती तापतच नाही, म्हणून दिवा ‘सॉलिड’ लागून राहतो किंवा पेटतच नाही. काही फ्लॅशर बल्ब गेलाय असे समजून दुप्पट वेगाने मारतात.

यावर बाजारात एक उपाय गळ्यात मारला जातो, तो म्हणजे एलईडीला समांतर रेझिस्टन्स. तो घेऊ नका. ६ ओहमचा रेझिस्टन्स १३.८ व्होल्टवर २.३ अँपियर खातो, म्हणजे सुमारे ३२ वॅट. काढलेल्या बल्बच्या तिप्पट! शिवाय तो इतका तापतो की शेजारची वायर वितळवू शकतो. करंट वाचवायला एलईडी लावायचा आणि मग तो जाळायला रेझिस्टन्स लावायचा, यात काही अर्थ नाही.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लोडवर अवलंबून नसतो. त्याच्या तीन पिना म्हणजे बी, एल आणि ई. बी म्हणजे किल्लीनंतरचा करंट, एल म्हणजे हँडलवरच्या इंडिकेटर स्विचकडे जाणारी वायर, ई म्हणजे अर्थ. इथे एक सापळा आहे. जुन्या फ्लॅशरलाही कधी कधी तीन पिना असतात, पण तिसरी ‘पी’ असते, पायलट दिव्याची. जुना कपलर तसाच नव्यावर दाबला तर अर्थच्या जागी पायलटची वायर येते. पिनेवरचे अक्षर वाचूनच जोडा.

जुना फ्लॅशर कॅस्केटमध्ये, टाकीखाली किंवा टूलबॉक्समध्ये सापडेल. किल्ली चालू करून इंडिकेटर द्या आणि टकटक ऐकत जा, सापडतो. नवा बसवताना करंटच्या वायरमध्ये ३ अँपियरचा फ्यूज टाका. अर्थसाठी स्वतंत्र वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या.

आता एलईडी न लावता, जुन्याच बल्बवर इंडिकेटर चालवून बघा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर दोन्ही प्रकारच्या दिव्यांना चालतो, त्यामुळे इथे दोष दिसला तर तो फ्लॅशरचा किंवा स्विचचा आहे हे नक्की होते. सगळे एकदम बदलले की दोष कुठला, याचा पत्ता लागत नाही. घड्याळ लावून मोजा: मिनिटाला ६० ते १२० वेळा मारला पाहिजे. ८०-९० च्या आसपास डोळ्याला बरे वाटते.

काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मुके असतात. टकटकीच्या आवाजाची सवय असलेला माणूस मग इंडिकेटर बंद करायला विसरतो आणि पुढचे दोन किलोमीटर मागच्यांना कोड्यात टाकतो. आवाज करणारा मिळत असेल तर तोच घ्या.

पायलट दिवा: चारही इंडिकेटर एकदम मारतात तेव्हा

एलईडी लावल्यावर सर्वांत जास्त येणारी तक्रार ही. डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे मिचकावतात आणि पायलट पेटत नाही. दुकानदार फ्लॅशर बदलून देतो, तरी तेच. फ्लॅशरचा यात काही दोष नसतो.

ज्या गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट असतो, तिथे त्याची एक वायर डाव्या सर्किटला आणि दुसरी उजव्याला जोडलेली असते. अर्थ कुठेच नाही. डावा इंडिकेटर दिला की करंट डावीकडून पायलटमधून उजव्या बाजूला येतो आणि उजवीकडच्या थंड फिलामेंटांतून अर्थला जातो. १० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना १४ ओहम असतो, पण थंड असताना जेमतेम दीड-दोन ओहम. त्यामुळे पायलट पेटतो आणि उजवे बल्ब नुसती वाट करून देतात. आता उजवीकडे एलईडी लावा. त्याला पायलटमधून येणारा तेवढासा करंट भरपूर होतो, तो पेटतो, आणि पायलटची तार साध्या वायरसारखी वागते.

उपाय दोन डायोडचा. पायलटच्या होल्डरमधून येणाऱ्या दोन्ही वायर सोडवा. डाव्या सर्किटच्या वायरला एक डायोड आणि उजव्याच्या वायरला दुसरा. डायोडवर चंदेरी पट्टा असतो, तो पट्ट्याचा भाग पायलटकडे हवा. दोन्ही डायोडची पट्ट्याकडची टोके एकत्र करून पायलटच्या एका वायरला जोडा. पायलटची दुसरी वायर अर्थला. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून डावीकडचा करंट पायलटपर्यंत येतो पण उजवीकडे उतरू शकत नाही. या डायोडची क्षमता १ अँपियर असते आणि पायलटला त्याच्या पावभरही लागत नाही. प्रत्येक डायोडवर वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि मग दोन्ही मिळून एक मोठी. कॅस्केटच्या आत उघडी तार राहिली तर पत्र्याला लागून फ्यूज उडेल.

तुमच्या गाडीत पायलटची वायर जुन्या फ्लॅशरच्या ‘पी’ पिनेवरून येत असेल, तर नव्या फ्लॅशरला ती पिन नाही. तिथेही हीच दोन डायोडची जोडणी चालते.

अर्थ: दिवसा चालतो, रात्री बंद

आता या कामातला सर्वांत फसवा दोष. मागचा इंडिकेटर दिवसा छान चालतो, पण हेडलाइट लावला की मंद होतो किंवा मरतो. ब्रेक दाबला तरी तसेच. लोक एलईडी बदलतात, स्विच उघडतात. खरे कारण मागच्या मडगार्डचा अर्थ गेलेला असतो.

मडगार्डचे बोल्ट गंजलेले, वर नव्याने केलेला पावडर कोटिंगचा थर, त्यामुळे चासीशी धातूचा संपर्कच उरलेला नसतो. तरी दिवसा दिवा पेटतो, कारण एलईडीचा करंट मडगार्डमधून टेल लाइटच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि उलटा जाऊन कुठून तरी अर्थ गाठतो. रात्री टेल लाइटच्याच वायरमध्ये करंट येतो, ती पळवाट बंद होते आणि दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट झाल्यामुळे इंडिकेटरला काही मिळत नाही.

तपासणी सोपी आहे. इंडिकेटर आणि टेल लाइट दोन्ही चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंडिकेटरच्या धातूच्या दांड्याला. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ चांगला. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसले तर अर्थ दुरुस्त करायलाच हवा.

बोल्टखालचा रंग खरवडत बसण्यापेक्षा मी सरळ वेगळी अर्थ वायर टाकतो. प्रत्येक इंडिकेटरच्या दांड्याला आतल्या नटखाली रिंग लग, मागच्या दोघांची वायर एकत्र करून हार्नेसच्या बरोबरीने बॅटरीपर्यंत. पुढच्या दोघांसाठी तशीच एक, कारण पुढचा अर्थ बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून जातो आणि हँडल वळवले की तो कमीजास्त होतो. होल्डरच्या आतला हिरवा गंज पॉलिश पेपरने काढा, स्प्रिंगवाली पिन दाबून ती उसळते का बघा, आणि बल्ब बसवताना बैठकीला बोटभर पेट्रोलियम जेली लावा.

दिवे बसवणे

एवढे झाले की एलईडी बल्ब घालायला काही मिनिटे पुरतात. बल्ब पेटला नाही तर फेकू नका. काही बल्बना पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक पडतो, काहींना नाही. दोन वायरचा पूर्ण दिवा असेल तर वायर उलटून बघा. बॅटरीला थेट लावून पाहिलेत तर शंका लगेच मिटते.

बुलेटच्या थरथरीत झाळलेला जोड बरोबर झाळ संपते तिथेच तुटतो. म्हणून कनेक्टर शक्यतो क्रिम्पिंग पक्कडने दाबून लावा. झाळायचेच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच पुढे जाईल इतकी स्लीव्ह चढवा. वायर स्टिअरिंगपाशी थोडी सैल ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येत नाही ना बघा. काचेच्या खालच्या बाजूला पाणी निघायचे बारीक छिद्र असेल तर ते खालीच राहील असा दिवा बसवा. सिलिकॉनने ते बुजवू नका. पावसाळ्यात आत शिरलेले पाणी बाहेर पडायला तेवढीच जागा असते.

६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ

जुन्या जावा आणि बुलेटच्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. १२ व्होल्टचा एलईडी बल्ब तिथे चालत नाही. केशरी एलईडीला प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट लागतात, आणि १२ व्होल्टच्या बल्बमध्ये तीन-तीन चिप एका माळेत असतात. म्हणजे माळेलाच ६.३ व्होल्ट हवेत, वर रेझिस्टन्सला वेगळे. ६ व्होल्टचेच बल्ब आणि ६ व्होल्टचाच फ्लॅशर मागवा. ते गल्लीतल्या दुकानात क्वचितच असतात, पण मिळतात.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीवर साधा तीन पिनांचा फ्लॅशर जोडला तर तो जळू शकतो. त्या प्रकारासाठी बनवलेलाच घ्या. बल्ब दोन्ही दिशांनी चालणारे घ्या, आणि पायलटचे डायोड उलटे लावा, पट्टा पायलटपासून लांब.

नंतर दिसणाऱ्या बारीक कुरबुरी

इंडिकेटर बंद असतानाही दिवे अंधारात मंद चमकतात? जुन्या स्विचमधल्या ओल-मळीतून किंवा फ्लॅशरमधून करंट किंचित गळतोय. स्विच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. तरी राहिले तर डाव्या आणि उजव्या सर्किटला अर्थशी समांतर एकेक १ किलोओहमचा, अर्धा वॅटचा रेझिस्टन्स लावा. तो १२-१४ मिलिअँपियरच घेतो, तापत नाही, आणि गळती पिऊन टाकतो.

इंजिन चालू असताना इंडिकेटरचा वेग वेडावाकडा होत असेल तर बॅटरीची टोके आणि अर्थ पुन्हा तपासा, नंतर रेग्युलेटर. एकाच बाजूचा दिवा मधेच दचकत असेल तर होल्डरची स्प्रिंग दमली आहे. आणि खडबडीत रस्त्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर झाले की सगळे नट आणि कनेक्टर हाताने ओढून बघा. काढलेले फिलामेंटचे बल्ब आणि जुना फ्लॅशर टूलबॉक्समध्ये कापडात गुंडाळून ठेवा. वाटेत एलईडी गेला तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवर ते तात्पुरते लावून घरी येता येते.